नव्या गटाची ओळख करून देणारे खेळ: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिरवाल्यांकडून, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या एचआरकडून, बचत गटाच्या ताईंकडून, ट्रेक लीडरांकडून आणि नव्या सोसायट्यांच्या कमिट्यांकडून सतत येतात. कुणी आइसब्रेकर म्हणतं, कुणी परिचय खेळ. इथे दोन्हीचा अर्थ एकच धरला आहे. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटाकडे.

१. आइसब्रेकर कशाला हवा? एकेकाने उठून नाव-गाव सांगितलं की झालं की!

गणित करून पाहा. ३० जण, प्रत्येकी १ मिनिट, म्हणजे कागदावर अर्धा तास. उठणं, बसणं, "जरा मोठ्याने", मध्येच टाळ्या, हे धरलं की पाऊण तास जातो. त्यात प्रत्येक जण एक मिनिट बोलतो आणि बाकी सगळा वेळ गप्प बसतो. ऐकतही नाही, कारण आपला नंबर येईपर्यंत मनात स्वतःचंच वाक्य घोकणं चालू असतं, आणि नंबर होऊन गेला की सुटकेचा श्वास. तीच ३० माणसं जोड्या करून बोलली तर चार मिनिटांत प्रत्येकाची दोन मिनिटं बोलून होतात, तीही एका माणसासमोर. तीस जणांसमोर बोलायला जी घाबरते ती मुलगी एकीशी सहज बोलते. एकदा तोंड उघडलं की पुढे सगळ्यांसमोर बोलणं सोपं जातं. खेळाचं काम तेवढंच.

२. किती वेळ द्यावा?

दोन तासांच्या बैठकीला १० मिनिटं पुरतात. दिवसभराच्या कार्यशाळेला २० ते २५. सात दिवसांच्या निवासी शिबिरात पहिल्या संध्याकाळी ४५ मिनिटं आणि मग रोज सकाळी ५. खेळ रंगला म्हणून वाढवत नेऊ नका. लोक "अजून एक" म्हणतात तेव्हाच थांबायचं असतं.

३. मी पहिल्यांदाच घेतेय. फसणार नाही असा एकच खेळ सांगा.

तिघांत तीन. तिघातिघांचे गट करा. सहा मिनिटांत तिघांमध्ये सारख्या असलेल्या तीन गोष्टी शोधायच्या. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी बाद ("तिघांनाही चष्मा आहे"), सगळ्या खोलीला लागू असलेल्या बाद ("तिघंही नाशिकचे"), आणि चहा, क्रिकेट, मोबाइल हे तीन विषय सुरुवातीलाच बाद करा, नाहीतर दहापैकी सात गट "चहा आवडतो" यावर पहिल्याच मिनिटात येऊन थांबतात. शेवटी प्रत्येक गटाने तीनपैकी सगळ्यात विचित्र ती एकच गोष्ट सांगायची. "आम्ही तिघंही दहावीला गणितात काठावर पास" यासारखं काही आलं की खोली हसते आणि तुमचं काम झालेलं असतं.

बहुतेकांची चूक होते ती गट पाडताना. तिघांचे गट हवेत म्हणून लोक "एक, दोन, तीन" असं मोजायला लावतात. तीस जणांत असं मोजलं की दहादहांचे तीन गट होतात, तिघांचे दहा नव्हे. जितके गट हवेत तितक्यापर्यंत मोजायचं: ३० जण असतील तर १ ते १०, पुन्हा १ ते १०, आणि सारखे आकडे एकत्र. यात शेजारी बसलेल्या मैत्रिणी आपोआप वेगळ्या होतात. एखादा उरला तर एक गट चौघांचा करा, दोघं उरले तर दोन गट चौघांचे. दोघांचा गट नको, त्यांचं दोन मिनिटांत संपतं आणि ते इतरांकडे बघत बसतात.

४. नावंच लक्षात राहत नाहीत. त्यासाठी काय?

नावाला त्याच अक्षराचा शब्द जोडायचा: गप्पिष्ट गणेश, सायकलवाली सायली, पुस्तकवेडा पंकज. गोलात पहिला स्वतःचं सांगतो, दुसरा पहिल्याचं आणि स्वतःचं, तिसरा आधीच्या दोघांचं आणि स्वतःचं. बारा जणांपर्यंत हे छान चालतं. पंधराच्या पुढे शेवटच्याचा घाम निघतो आणि बाकीचे कंटाळतात, म्हणून मोठा गट असेल तर दोन गोल करा. सगळे झाल्यावर ज्याने सुरुवात केली त्यानेच पूर्ण साखळी म्हणायची, कारण सगळ्यात सोपं काम त्यालाच मिळालेलं असतं. मग जागा बदलून पुन्हा एकदा. जागा बदलल्याशिवाय नाव माणसाला चिकटत नाही, खुर्चीला चिकटतं.

दिवसभराचा कार्यक्रम असेल तर बिल्ले लावा. ए-फोर कागदाचे आठ तुकडे, जाड मार्कर, अक्षर किमान अडीच-तीन सेंटिमीटर उंच. बॉलपेनने लिहिलेलं दोन हातांवरूनही वाचता येत नाही. टाचणीने साडी-ओढणीला भोकं पडतात, मास्किंग टेप बरी. मात्र मेमधल्या दुपारी घामाने टेप सुटते, तेव्हा दोरी ओवून गळ्यात अडकवलेली बरी.

५. बिल्ल्यावर आडनाव लिहायचं का?

नको. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचा प्रश्न मनातल्या मनात विचारून होतो, आणि लोक खेळ सुरू होण्याआधीच आपापल्या कोपऱ्यात जातात. हजेरीपटावर आडनाव असतंच, ते तिथेच राहू द्या. यावर भाषण करायची गरज नाही, बिल्ला लिहितानाच "फक्त नाव आणि गाव" म्हणा.

नुसत्या नावाची दुसरी अडचण वयाची. वीस वर्षांच्या मुलाला साठीच्या माणसाला "रमेश" म्हणता येत नाही, मग तो काहीच म्हणत नाही आणि टाळतो. म्हणून "तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?" असं विचारून तेच लिहा: रमेशकाका, मंदाताई, आप्पा, मॅडम. ज्याला नुसतं नाव चालतं त्याचं नुसतं नाव.

६. "गाव कुठलं?" हा प्रश्न सगळे विचारतातच. त्याचाच खेळ करता येईल का?

जरूर, आणि जिल्ह्यातल्या मिश्र गटासाठी यापेक्षा चांगला खेळ नाही. साधारण आठ मीटर बाय सहा मीटर मोकळी जागा आणि सहा-सात मीटर दोरी लागते. दोरी म्हणजे गोदावरी. पश्चिमेचं टोक त्र्यंबकेश्वर, मध्याच्या जरा अलीकडे नाशिक, पूर्वेचं टोक नांदूरमध्यमेश्वर. दोरी खरोखरच्या पूर्व-पश्चिम दिशेने टाका. सकाळ असेल तर सूर्य कुठे आहे ते सगळ्यांना दिसतंच. उत्तर कुठे ते एकदा सांगा आणि मग गप्प राहा.

आता प्रत्येकाने आपलं गाव जिथे असेल तिथे जाऊन उभं राहायचं. कुणालाच नकाशा पाठ नसतो, म्हणून लोक एकमेकांना विचारू लागतात: "तुम्ही चांदवडचे ना? मग मी तुमच्या वर की खाली?" खेळ तो हाच. तुम्ही दुरुस्त करायला गेलात की सगळे तुमच्याकडे बघतात आणि आपसातलं बोलणं बंद पडतं. स्वतःच्या खात्रीसाठी एवढं ध्यानात ठेवा: सुरगाणा, पेठ वायव्येला, दिंडोरी नदीच्या लगेच उत्तरेला, कळवण, सटाणा, देवळा त्याच्याही वर, मालेगाव ईशान्येला, नांदगाव, येवला पूर्वेला, इगतपुरी नैर्ऋत्येला, सिन्नर दक्षिणेला. धुळे-जळगावचे मालेगावच्याही पलीकडे भिंतीला टेकतील, बिहार-उत्तर प्रदेशचे दाराबाहेर जातील. जाऊ द्या, त्यावरून बोलणं निघतंच. सगळे स्थिरावले की शेजारच्या दोघांशी एक मिनिट: "तुमच्या गावात बाहेरच्याला पहिलं काय दाखवाल?"

एक पेच हमखास येतो. लग्न झालेल्या बायका विचारतात, "माहेरचं गाव की सासरचं?" उत्तर आधीच ठरवून ठेवा: लहानपण जिथे गेलं ते. वेळ असेल तर दुसरी फेरी घ्या, आत्ता राहता तिथे उभे राहा. मघाशी खोलीभर पसरलेली माणसं दोरीच्या मधल्या हातभर जागेत दाटीवाटीने येऊन उभी राहतात. ते दृश्य बघण्यासारखं असतं.

सगळेच शहरातले असतील तर मोजमाप बदला. नदी वायव्येकडून आग्नेयेला तिरपी टाका. पंचवटी, मखमलाबाद, म्हसरूळ नदीपलीकडे. गंगापूर रोड, कॉलेज रोड अलीकडे. सातपूर पश्चिमेला, सिडको-अंबड नैर्ऋत्येला, नाशिक रोड आग्नेयेला, देवळाली कॅम्प त्याच्या खाली.

७. बचत गटाच्या बैठकीत उखाणे घेतले तर चालतील?

पारंपरिक पद्धतीने नकोत. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, आणि गटात विधवा, सोडलेल्या, लग्न न झालेल्या बायका असतात. त्यांचा नंबर आला की खोली गप्प होते, आणि ज्या संकोचासाठी खेळ घेतला तोच वाढतो. पण उखाण्याची सवय आणि हौस मात्र वाया घालवू नका. नियम बदला: शेजारणीचं नाव आणि गाव उखाण्यात घ्यायचं. म्हणजे आधी तिला विचारावं लागतं. पाच मिनिटं जोडीने तयारी, मग प्रत्येकी पंधरा सेकंद. नमुना:

मिसळीवर तर्री, चिवड्यावर कांदा,
पेठहून आल्या आमच्या शेजारच्या मंदा.

यमक जुळवता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी चार-पाच पहिल्या ओळी फळ्यावर लिहून ठेवा. "गोदेच्या घाटावर बुधवारचा बाजार" ही ओळ चांगली चालते, कारण "फार", "चार", "हुशार" लगेच सापडतात. पुरुषांच्या गटातही हा खेळ जमतो. पहिले दोघं लाजतात, तिसऱ्यापासून चढाओढ लागते.

८. तळ्यात-मळ्यात मोठ्यांसोबत कसं खेळायचं?

जमिनीवर खडूची किंवा मास्किंग टेपची रेघ. एक बाजू तळं, दुसरी मळा. तुम्ही वाक्य म्हणायचं, ज्याला ते लागू पडतं तो तळ्यात, बाकीचे मळ्यात. उड्या नकोत, पाऊल टाकलं तरी पुरे. गुडघे दुखणारे प्रत्येक गटात असतात. दहा-बारा वाक्यं लिहून न्या, ऐनवेळी सुचत नाहीत. हलक्यापासून सुरुवात: "मला सकाळी सहाच्या आत जाग येते." "मी अंजनेरी चढलोय." "रंगपंचमीला रहाडीत धप्पा मारलाय." (रहाड म्हणजे रंगाचा हौद, धप्पा म्हणजे त्यात उडी.) मग जरा आतली: "नव्या ठिकाणी बोलायला मला वेळ लागतो." या वाक्याला निम्म्याहून जास्त लोक तळ्यात येतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. प्रत्येक वाक्यानंतर तीन सेकंद थांबा, कोण कुठे आहे ते बघू द्या. भराभर वाक्यं टाकली की तो नुसता व्यायाम होतो.

पैसा, लग्न, मुलं, मतदान, उपास आणि सामिष-निरामिष ही वाक्यं घेऊ नका. रेघेच्या दोन बाजू तिथे खरोखरच्या दोन बाजू होतात.

९. "दोन खऱ्या, एक थाप" आमच्याकडे रंगला नाही. का?

बहुधा आयत्या वेळी सांगायला लावलं म्हणून. तीन मिनिटं कागदावर लिहू द्या आणि खेळ पाचाच्या गटात घ्या, सगळ्या खोलीत नाही. थाप साधी आणि खरं विचित्र हवं, हे उदाहरण देऊन सांगा. लोक उलटं करतात: "मी चंद्रावर गेलोय" अशी थाप मारतात, मग ओळखायला उरतं काय? पूर्ण अनोळखी गटात पहिलाच खेळ म्हणून हा घेऊ नका, दुसरा किंवा तिसरा ठेवा.

१०. बिंगोचा कागद कसा करायचा?

वीस ते तीस जणांना चार बाय चारचे १६ चौकोन, चाळीसच्या पुढे पाच बाय पाच. प्रत्येक चौकोनात एक वाक्य, ते ज्याला लागू पडतं त्याची सही घ्यायची. एका कागदावर एका माणसाची सही एकदाच, हा नियम विसरलात तर लोक एकाच बडबड्या माणसाकडून सहा सह्या घेऊन मोकळे होतात. वेळ १२ मिनिटं. सोळापैकी दहा चौकोन सहज मिळणारे, चार शोधावे लागणारे ("घरी द्राक्षबाग आहे", "कामाला सायकलने येते"), आणि दोन असे की तसा माणूस गटात आहे हे तुम्हाला नोंदणीच्या अर्जावरून आधीच माहीत आहे. कुणालाच लागू नसलेला चौकोन ठेवला की पूर्ण कागद कुणाचाच होत नाही. आणि प्रत्येकाकडे पेन असेल असं धरून चालू नका. दहा जास्तीची न्या, सहा परत येतील.

११. जन्मतारखेप्रमाणे न बोलता रांग लावायचा खेळ घेतला, निम्मे लोक एकाच जागी अडकले. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, १ जून आड आला. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या गटात, विशेषतः ग्रामीण भागात, जूनच्या पहिल्या तारखेला गर्दी होते. अशा गटात रांग दुसऱ्या कशावर तरी लावा: घरून इथे यायला लागलेला वेळ, नावाचं पहिलं अक्षर, घरातल्या माणसांची संख्या. उंचीवर आणि वयावर नको. तरुणांच्या गटात जन्मतारीख चालते. बोटांनी खुणा करायच्या, ओठ हलवायचे नाहीत, पाच मिनिटं. शेवटी एका टोकाकडून मोठ्याने तपासणी, त्यात चुका निघाल्या की हशा होतो. अंताक्षरीसारखं जुन्या ओळखीचं काहीतरी हवं असेल तर ते या खेळानंतर घ्या, आधी नको.

१२. लोकरीच्या गुंड्याचं जाळं करताना लोकर संपली. किती न्यावी?

वीस जण गोलात उभे राहिले की गोलाचा व्यास साधारण पाच मीटर होतो. प्रत्येक फेक सरासरी चार मीटर धरली तर वीस फेकींना ८० मीटर. वर थोडी सुटी धरून १०० मीटर न्या. सुतळीचे तंतू बोटांत रुततात, तिच्यापेक्षा जाड लोकर चांगली. गुंडा घरीच सैल करून पुन्हा गुंडाळा, दुकानातला नवा गुंडा मध्येच अडकतो. टोक बोटाला गुंडाळू नका, नुसतं मुठीत धरा. परत गुंडाळताना उलट्या क्रमाने, आणि त्या वेळी प्रत्येकाने ज्याच्याकडे गुंडा जातोय त्याचं नाव आणि त्याने सांगितलेलं काहीतरी म्हणायचं. परतीला तेवढाच वेळ लागतो, तो धरला नाही तर गुंता तसाच पिशवीत जातो.

१३. हातांची गाठ सोडवायचा खेळ मुलं-मुली एकत्र असताना घ्यावा का?

पहिल्या दिवशी नको. अनोळखी माणसाचा हात धरून त्याच्या बगलेखालून जायचं असतं. मुली नकार देत नाहीत, पण दिवसभर अवघडून राहतात. शिवाय ती गाठ दर वेळी सुटतेच असं नाही. कधी दोन वेगळी कडी होतात, कधी खरोखरची गाठ पडते. घ्यायचाच असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आठआठ जणांत, मुलांचे आणि मुलींचे गोल वेगळे आणि हातात हाताऐवजी हातभर लांबीचे रुमाल.

१४. अर्धे लोक एकमेकांना आधीपासून ओळखतात. नवे एकटे पडतात.

दोन गोल करा, एकात एक. जुने आत, बाहेर तोंड करून. नवे बाहेर, आत तोंड करून. समोरासमोर एक मिनिट, मग फक्त बाहेरचा गोल एक जागा उजवीकडे. दोन्ही गोल एकाच दिशेने सरकले तर समोर पुन्हा तोच माणूस येतो, आणि ही गडबड फार होते. म्हणून आतल्यांना सांगा: पाय हलवायचे नाहीत. बारा-बाराचे गोल असले तरी सहा फेऱ्या पुरेत, पुढे आवाज बसतो. संख्या विषम असेल तर तुम्ही उभे राहा.

जुन्यांनी नव्यांना सांगायचं ते कामाचं हवं: "इथे पाणी कुठे मिळतं", "कुणाला काय विचारायचं". नव्यांची चौकशी दुसऱ्या फेरीपासून.

१५. कंपनीत नव्या ट्रेनींसाठी शॉपफ्लोअरवर काय घेता येईल? दहाच मिनिटं मिळतात.

शॉपफ्लोअरवर काही घेऊ नका. चेंडू, दोरी, पळापळ यंत्रांच्या जवळ चालत नाही. टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीच्या) जागी किंवा कँटीनमध्ये उभ्याने घ्या. मोबाइल गेटवर जमा होत असतील तर क्यूआर कोडवाले खेळ बादच.

नाव आणि हावभाव हा खेळ इथे बसतो, कारण आवाजात नाव ऐकू आलं नाही तरी खूण दिसते. प्रत्येकाने नाव सांगून आधी केलेल्या एखाद्या कामाची खूण करायची: लेथ, वेल्डिंग, ट्रॅक्टर, वडापावची गाडी. सगळ्यांनी ती खूण आणि नाव परत करायचं. वीस जणांचं सात मिनिटांत होतं. गटात हिंदी बोलणारे असतील तर सूचना दोन्ही भाषांत, पण उत्तर ज्याला ज्या भाषेत द्यायचंय त्या भाषेत. खूण सगळ्यांना कळते. हेच जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या किंवा बागलाणातल्या अहिराणी बोलणाऱ्या मुलांनाही लागू आहे. "शुद्ध बोल" हे दोन शब्द खेळ मारून टाकायला पुरतात.

१६. साहेब स्वतः हजर आहेत. त्यांना खेळात घ्यायचं की बाजूला बसवायचं?

घ्यायचं किंवा दहा मिनिटं बाहेर चहाला पाठवायचं. बाजूला हाताची घडी घालून बसलेला साहेब हा सगळ्यात वाईट पर्याय, त्याच्या हातात वही असेल तर आणखीच. खेळात घेतलं तर पहिला नंबर देऊ नका, ते जेवढं आणि जसं बोलतात तसंच पुढचे सगळे बोलतात. शेवटचाही नको, तो निकाल वाटतो. तिसरा किंवा चौथा बरा. त्यांच्या हाताखालचा माणूस त्यांच्या जोडीत येणार नाही हे आधीच बघा. आणि हे त्यांना आदल्या दिवशी सांगा, सगळ्यांसमोर नाही.

१७. सभागृहात दीडशे लोक आहेत, खुर्च्या पक्क्या आहेत. काय करता येईल?

जागेवरूनच. एक सोडून एक रांगेने मागे वळायचं, मागच्या रांगेशी चौघाचौघांचे गट करायचे, आणि प्रश्न ३ मधला खेळ चौघांत घ्यायचा. गट पाडायला मोजणी करू नका, हाताने दाखवून द्या. थांबायची खूण आधी ठरवा: तुम्ही हात वर केला की बघणाऱ्यानेही हात वर करून गप्प व्हायचं. माइकवरून "शांत बसा, शांत बसा" म्हणत राहिलात तर तुमचाच आवाज सगळ्यात मोठा असतो. मंचावर फक्त तीन-चार गटांचं ऐका.

१८. ऑनलाइन बैठकीत कसं करायचं?

तिघांच्या ब्रेकआउट रूम (बैठकीतल्याच छोट्या वेगळ्या खोल्या), पाच मिनिटं, एकच प्रश्न, आणि तो प्रश्न आत जाण्यापूर्वी चॅटमध्येही टाकलेला, कारण आत गेल्यावर निम्म्यांना तो आठवत नाही. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, त्यात खेळाला आठच्या वर देऊ नका. कॅमेरा लावायची सक्ती नको, घर दाखवायचं नसतं अनेकांना. तिथे चॅटचा खेळ चालतो: सगळ्यांनी उत्तर टाइप करून ठेवायचं आणि "पाठवा" म्हटल्यावर एकदम पाठवायचं. तीस उत्तरं एकदम पडतात आणि कुणी कुणाची नक्कल करत नाही.

१९. एखाद्याला खेळायचंच नसेल तर?

पहिल्याच वाक्यात "पास म्हटलं तरी चालेल" हे सांगा आणि पास म्हटल्यावर कारण विचारू नका. त्याला वेळ बघायचं किंवा चिठ्ठ्या वाटायचं काम द्या. टाळ्या वाजवून आग्रह करणं सगळ्यात वाईट, तो माणूस उठतो पण परत बोलत नाही. पाच-सहा जण पास म्हणू लागले तर खेळ चुकलाय, माणसं नाहीत. तो तिथेच सोडून प्रश्न ३ कडे या. कुणी मोबाइलवर शूटिंग करत असेल तर तेही आधी बंद करा, अर्धे पास त्यामुळेच येतात.

२०. गटात एक दृष्टिहीन ताई आहेत आणि एका काकांना कमी ऐकू येतं.

खेळ सगळ्यांसाठीच बदला, त्या दोघांसाठी वेगळा करू नका. प्रत्येकाने बोलण्याआधी नाव सांगायचं, म्हणजे ताईंना आवाज कुणाचा ते कळतं. नकाशाच्या खेळात (प्रश्न ६) दोरी जरा जाड घ्या, पायाला लागते, आणि जोडीदार सोबत द्या. काकांसाठी गोल लहान, उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर आणि सूचना फळ्यावर लिहिलेल्या. काय सोयीचं पडेल ते त्यांनाच आदल्या दिवशी विचारा. कानगोष्टींचा खेळ अर्थातच वगळा.

२१. मोकळ्या हवेत घ्यायचंय. पांडवलेणीवर चालेल?

लेण्यांत नको. ते संरक्षित स्मारक आहे, आवाज घुमतो आणि दर्शनाला आलेल्यांना त्रास होतो. पायथ्याच्या बाजूला सावलीत, तिथे परवानगी लागते का ते विचारून. गंगापूर धरणाच्या बाजूला वारा असतो, बिंगोचे कागद उडतात, पुठ्ठे आणि क्लिपा न्या. गोदाघाटावर संध्याकाळी गर्दी असते, बघे जमले की गट आखडतो. जून ते सप्टेंबर बाहेरचा बेत केला तर आतली जागाही हाताशी ठेवा.

२२. विषय गंभीर आहे, उदाहरणार्थ व्यसनमुक्ती किंवा शेतकरी आत्महत्या झालेली कुटुंबं. तिथेही खेळ?

हसवणारा खेळ नको, पण लोकांना गप्पही बसवू नका. जोडीने दोन-दोन मिनिटं: "इथे यायला आज काय सोडून आलात?" उत्तर दूध काढण्याचं असेल, दुकानाचं असेल. दुःखाचा प्रश्न पहिला विचारायचा नाही, कुणी स्वतःहून बोललं तर जोडीदाराने फक्त ऐकायचं. नंतर सगळ्यांसमोर काही सांगायला लावू नका.

२३. खेळ चालू असताना उशिरा आलेल्यांचं काय करायचं?

नवा नियम समजावायला खेळ थांबवू नका. दाराजवळ बिल्ले आणि मार्कर घेऊन एक जण बसवा. आलेला माणूस दाराला सगळ्यात जवळ असलेल्या जोडीत किंवा तिघांत तिसरा-चौथा म्हणून बसतो, आणि चाललंय काय ते तेच सांगतात. साखळीचा खेळ (प्रश्न ४) असेल तर त्याला शेवटी न बसवता ज्याचं नुकतंच झालंय त्याच्या शेजारी उभं करा, म्हणजे त्याला पूर्ण साखळी म्हणावी लागत नाही. पंधरा मिनिटांनंतर आलेल्याला खेळात घेऊ नका. चहाच्या वेळी दोन जणांना त्याच्याकडे पाठवा, नावं विचारायला.